ताण आला की डोक्यात चालणारं वाक्य पकडायचं कसं?

समजा, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची पहिली उत्तरतालिका आली आहे. सदाशिव पेठेतल्या एकाच खोलीत राहणाऱ्या दोन मुलींचे गुण मोजून जवळपास सारखेच भरतात, गेल्या वेळच्या कट-ऑफच्या आसपास. पहिली दोन प्रश्नांवर पुराव्यासह हरकत नोंदवते, शनिवार-रविवार गावी जाऊन येते आणि मुख्यचं पुस्तक उघडते. दुसरी वेगवेगळ्या क्लासच्या उत्तरतालिका घेऊन तेच गुण पुन्हा पुन्हा मोजते, टेलिग्रामच्या ग्रुपवर रात्री दीड-दोनपर्यंत कट-ऑफचे अंदाज वाचते आणि घरचा फोन टाळते. परीक्षा तीच, गुण तेच. दोघींनी ताणाला तोंड द्यायचे मार्ग मात्र वेगळे निवडले.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाची जी मांडणी केली, तिच्यात असं का होतं याचं उत्तर सापडतं. कुठलाही प्रसंग समोर आला की मन दोन हिशेब करतं. यात माझं काय पणाला लागलं आहे? आणि याला तोंड द्यायला माझ्या हातात काय आहे? दोन्ही उत्तरं झटकन, बहुतेक वेळा आपल्या नकळत दिली जातात, आणि पुढचं वागणं त्यांवरून ठरतं. ‘माझी सगळी लायकीच पणाला लागली आहे आणि माझ्या हातात काहीच नाही’ असा हिशेब झाला, तर माणूस टाळाटाळ करतो नाहीतर तेच तेच तपासत बसतो. त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नकोस’ या सल्ल्याचा काडीचा उपयोग होत नाही. हिशेबातलं नेमकं वाक्य कागदावर आणावं लागतं.

ते कसं करायचं, हे पुढे सांगितलं आहे. मूळ पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ती मांडली आणि मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने बऱ्यापैकी रुळली आहे. काही भाग मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या विचारनोंदींतून, म्हणजे मनात आलेले विचार लिहून तपासण्याच्या तक्त्यांतून, घेतला आहे.

आधी ध्येय नीट ठरवा

इथे चुकलं की पुढचं सगळं फसतं. या कामाचं ध्येय ‘शांत वाटणं’ हे नाही. एक वर्ष ज्या परीक्षेला दिलं, तिचा निकाल टांगलेला असताना कुणी अगदी शांत असेल, तर त्याला त्या परीक्षेची फिकीरच नाही असं म्हणावं लागेल. एलिस यांनी नकारात्मक भावनांचे दोन गट केले. धास्ती, खचून जाणं, संताप आणि स्वतःला कोसत राहणं या भावना माणसाला जागच्या जागी अडकवतात. काळजी, दुःख, नाराजी आणि पश्चात्ताप याही त्रासदायकच, पण त्या कामाला लावतात. आपल्याला पहिल्या गटातून दुसऱ्या गटात यायचं आहे. धास्तीची काळजी झाली की काम फत्ते, मग ती काळजी चांगली खोल का असेना.

डावं पान: प्रसंग घडला की लगेच

साधी शंभर पानी वही घ्या. फोनमध्ये नोंद करू नका, कारण फोन हातात आला की ग्रुप उघडतोच. डावं पान प्रसंगानंतर लगेच, दोन-तीन मिनिटांत भरायचं. उजवं संध्याकाळी निवांत. डाव्या पानावर चारच गोष्टी असतात: घटना, भावना, वाक्य आणि मी काय केलं.

घटनेत कॅमेऱ्याने टिपलं असतं तेवढंच लिहा. ‘ग्रुपवर सगळे घाबरवत होते’ ही घटना नव्हे, हा निवाडा झाला. ‘मंगळवार, रात्री ११.२०. एकाने लिहिलं की यंदा कट-ऑफ वर जाणार’ ही घटना. भावनेला एका शब्दात नाव द्या आणि ० ते १०० मध्ये आकडा घाला: धास्ती, ८०. शेजारी शरीरात काय झालं तेही लिहा. छातीत धडधड, हात गार. काही दिवसांनी वाक्य कळायच्या आधी शरीरावरूनच प्रसंग ओळखू येऊ लागतो. चौथ्या रकान्यात केलेली कृती: ‘गुण परत मोजले, दीडपर्यंत जागी.’ हा रकाना लोकांना लिहावासा वाटत नाही, पण विचारपद्धतीने तुमच्याकडून काय करून घेतलं, हे इथेच दिसतं.

आकडा ८५-९० च्या वर असेल, तर वहीला हातच लावू नका. इतक्या खळबळीत तपासणी होत नाही, उलट वहीत आणखी भयंकर वाक्यं उतरतात. आधी शरीर खाली आणा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. म्हणजे साधारण तीस श्वास झाले. नाकाने घ्या, पोट हललं पाहिजे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास फार खोल घेतला जातोय. तो उथळ करा, वेग तसाच संथ ठेवा. बसवत नसेल तर दहा मिनिटं झपझप चालून या.

खरं वाक्य पहिल्या ओळीत नसतं

वाक्याच्या रकान्यात सुरुवातीला बहुतेक जण प्रश्न लिहितात: ‘माझं नाही झालं तर?’ प्रश्नाची तपासणी करता येत नाही, म्हणून त्याचं विधान करा: ‘कट-ऑफ वर गेला तर माझी पूर्व निघणार नाही.’ दुसरी नेहमीची गफलत म्हणजे ‘मला भीती वाटते’ असं लिहिणं. ती भावना आहे, तिची जागा शेजारच्या रकान्यात.

आता या विधानाखाली बाण काढा आणि विचारा: हे खरं ठरलं असं धरलं, तर माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ काय? उत्तर लिहा, त्याखाली पुन्हा बाण काढा. आपल्या उदाहरणातल्या दुसऱ्या मुलीची उतरंड अशी निघू शकते:

‘पूर्व निघणार नाही.’
↓ ‘वर्ष वाया गेलं.’
↓ ‘घरचे परत बोलावतील, लग्नाचं बघायला लागतील.’
↓ ‘सगळे म्हणतील, पुण्याला राहून नुसते पैसे उडवले.’
↓ ‘मी कशातच धड नाही.’

थांबायचं कुठे? तेच वाक्य शब्द बदलून पुन्हा आलं, किंवा वाक्य एखाद्या प्रसंगाबद्दल न राहता आख्ख्या माणसाबद्दल, आख्ख्या जगाबद्दल झालं, की तळ लागला समजा. वाचताना घसा दाटून येणं हीसुद्धा खूण. साधारण चार-पाच बाणांत हे होतं. दहा बाण काढूनही तळ लागत नसेल, तर तुम्ही अर्थ लिहीत नाही, पुढच्या घटना लिहीत चालला आहात. ‘मग काय होईल?’ असं न विचारता ‘त्याचा माझ्यासाठी अर्थ काय?’ असंच विचारा.

तळाच्या वाक्याभोवती चार गोष्टी शोधायच्या. हट्ट: ‘पूर्व निघालीच पाहिजे.’ वाईटाचं भयंकर करणं: ‘नाही निघाली तर सगळं संपलं.’ असह्यता: ‘घरच्यांचं बोलणं मला सहनच होणार नाही.’ आणि स्वतःवर किंवा दुसऱ्यावर एकच शिक्का: ‘मी कशातच धड नाही.’ चारही प्रत्येक वेळी सापडतील असं नाही. एलिस यांच्या मते मूळ हट्टात असतं आणि बाकीची तीन त्यातून फुटतात, म्हणून हट्ट न लिहिताच पुढे गेलात तर मागे फिरा. संताप असेल तर हट्ट समोरच्यावर असतो (‘त्याने असं वागायलाच नको होतं’), आणि घुसमट असेल तर परिस्थितीवर.

उजवं पान: तपासणी

उतरंडीतली वरची वाक्यं म्हणजे अंदाज असतात, आणि ते खरे ठरू शकतात. पूर्व खरंच निघणार नाही, घरी लग्नाचा विषय खरंच निघेल. त्यांच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नका. पुरावा हाताशी असेल, तर अंदाज जरूर तपासा: साहेब रागावले आहेत असं वाटतंय, तर ते नेमकं काय बोलले ते पाहा. निकालासारख्या गोष्टीत मात्र पुरावा निकालाच्या दिवशीच येणार. अशा वेळी अंदाज खरा ठरला असं धरून चालणं आणि तळाच्या वाक्याला हात घालणं अधिक उपयोगी. ते धाडसाचं वाटतं, पण त्याशिवाय धास्ती मुळातून हलत नाही. ‘होईल गं तुझं’ या दिलाशाचा असर पुढच्या मेसेजपर्यंतच टिकतो.

प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न लावा. हे वस्तुस्थितीला धरून आहे का? एकातून दुसरं निघतं का? आणि हे मानून मला काय मिळतं?

‘निघालीच पाहिजे.’ असा नियम जगात असता, तर मेहनत करणाऱ्या प्रत्येकाची पूर्व निघाली असती. इच्छा कितीही तीव्र असली, तरी तिच्यातून नियम निघत नाही. आणि हा हट्ट धरून गेल्या आठवड्यात काय मिळालं, ते डाव्या पानाच्या चौथ्या रकान्यातच लिहिलेलं आहे.

‘सहनच होणार नाही.’ इथे लोक नाहक ‘लोक काही म्हणणार नाहीत’ असं स्वतःला पटवू बघतात. लोक म्हणतील. आत्या विचारेल, शेजारी विचारतील. याआधी असं बोलणं ऐकावं लागलं तेव्हा काय झालं, ते लिहा: वाईट वाटलं, दोन रात्री झोप लागली नाही, मग पुन्हा अभ्यासाला बसले. म्हणजे नकोसं होतं, पण सोसलं. आणखी एक प्रश्न इथे जोडा: ज्या गोष्टीसाठी सोसायचं, ती सोसण्याच्या मोलाची आहे का?

‘सगळं संपलं.’ पानावर एक आडवी रेघ मारा, डावीकडे ०, उजवीकडे १००. आधी दुसऱ्या चार-पाच वाईट गोष्टी तिच्यावर मांडा: मोबाइल हरवणं, वर्ष हुकणं, खोली सोडावी लागणं, आई-वडिलांचं गंभीर आजारपण, स्वतःला कायमचं अपंगत्व. मग पूर्व न निघणं कुठे बसतं ते बघा. बहुतेकांनी ते मनात शंभरवर ठेवलेलं असतं आणि रेघेवर ते ४०-५० च्या आसपास येतं. ही रेघ स्वतःची स्वतःच आखायची. ‘इतरांची दुःखं बघ, तुझं काय एवढं’ असं दुसऱ्याने सुनावलं की ती अवहेलना होते आणि माणूस आपलं वाक्य आणखी घट्ट धरतो.

‘मी कशातच धड नाही.’ एका पेपरावरून आख्ख्या माणसाचा निकाल लावला आहे. एक पान घेऊन त्यावर दाटीवाटीने ‘मी’ लिहा, म्हणजे तुमची कामं, नाती, सवयी, कौशल्यं, चुका, सगळं. मग त्यात या परीक्षेभोवती गोल काढा. गोलाबाहेर काय उरलं, ते दिसेल. ‘मी फार हुशार आहे’ असा उलटा शिक्का मारायचा मोह आवरा. पुढच्या अपयशाला तोच शिक्का उलटून अंगावर येतो. माणसाला एकूण गुण देणंच चूक आहे. गुण पेपराला द्यायचे.

नवं वाक्य

तपासणीतून हाती आलेलं नवं वाक्य स्वतःच्या भाषेत लिहा. त्यात इच्छा तशीच राहते, हट्ट सुटतो, वाईटाला वाईट म्हटलेलं असतं आणि स्वतःवर शिक्का नसतो. उदाहरणार्थ:

‘माझी पूर्व निघावी अशी फार इच्छा आहे, त्यासाठी मेहनतही केली आहे. पण निघेलच असा नियम नाही. नाही निघाली तर मला मनापासून वाईट वाटेल. घरी अवघड बोलणं करावं लागेल, ते जड जाईल, तरी मी ते करू शकते. निकाल परीक्षेचा लागेल, माझा नाही.’

हे किती टक्के पटतं, ते शेजारी लिहा. पहिल्या दिवशी तीस-चाळीस टक्के आलं तरी चांगलं. पहिल्याच फटक्यात शंभर आलं, तर बहुधा मनाला बरं वाटावं म्हणून लिहिलं आहे. दहाच्या खाली आलं, तर वाक्य फार गोड झालंय. ‘सगळं छान होईल’सारखी वाक्यं याच कारणाने टिकत नाहीत. मनाला ती खोटी वाटतात आणि जुनं वाक्य दुप्पट जोराने परततं. मग भावनेचा आकडा पुन्हा घाला. ८० वरून ५५ वर आला आणि नाव ‘धास्ती’वरून ‘काळजी’वर आलं, तर पान जमलं.

डोक्याला पटलं पण पोटातला गोळा जात नाही, ही तक्रार इथे हमखास येते. ती खरी आहे. त्यावरचा सराव असा: डोळे मिटून वाईटात वाईट प्रसंग स्पष्ट उभा करा. निकालाची यादी, त्यात आपला नंबर नाही. धास्ती येऊ द्या, टाळू नका. मग प्रसंग जसाच्या तसा ठेवून, यादीत नंबर न घालता, नवं वाक्य म्हणत धास्तीचं दुःखात रूपांतर करा. जमलं की मिनिटभर तिथेच राहा. रोज पाच-दहा मिनिटं, महिनाभर. कल्पनेतला प्रसंग बदलून सुटका करून घेतली, तर सराव फुकट जातो.

वाक्यानंतर कृती, त्याच दिवशी

पानाच्या तळाशी दोन चौकटी काढा. ‘हातात आहे’ यात: मुदत संपायच्या आत प्रमाणित पुस्तकाच्या पानासह हरकत नोंदवणं, उद्या सकाळी मुख्यचा एक विषय तीन तास, रविवारी बाबांना फोन करून ‘गुण सीमेवर आहेत, निकालाला वेळ आहे, तोवर मी मुख्यचा अभ्यास करते’ एवढं सांगणं. ‘हातात नाही’ यात: कट-ऑफ, दुसऱ्यांचे गुण, अंतिम उत्तरतालिका. पहिल्या चौकटीला प्रश्न सोडवण्याचे उपाय लागतात आणि दुसरीला मन सांभाळण्याचे: व्यायाम, मैत्रिणीशी बोलणं, झोपेची वेळ. पुष्कळ ताण याच अदलाबदलीतून वाढतो. कट-ऑफवर माणूस संशोधन करतो, आणि हरकत नोंदवायची सोडून मन रमवायला वेब सिरीज बघतो.

फोन टाळण्याची सवय तेवढ्याच नेटाने मोडावी लागते. फोन उचलला नाही की क्षणभर हायसं वाटतं, आणि तेच हायसं वाटणं पुढच्या वेळीही फोन न उचलायला शिकवतं. म्हणून वहीतून निघालेली किमान एक कृती चोवीस तासांत करा, अगदी छोटी असली तरी. नवं वाक्य कृतीनंतरच खरं पटू लागतं.

‘हातात नाही’ चौकटीतल्या गोष्टी दिवसभर डोकं वर काढतात. त्यांना दाबून टाकू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध प्रयोगात लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं होतं. अस्वल येत राहिलं, आणि बंदी उठल्यावर तर ते या लोकांच्या मनात इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. त्यापेक्षा चिंतेला वेळ नेमून द्या: रोज एकाच जागी, एकाच वेळी, वीस ते तीस मिनिटं. अंथरुणात नको आणि झोपेच्या आधीचे दोन तासही नकोत. दिवसा विचार आला की दोन शब्दांत टिपून ठेवा, ‘साडेसहाला’ म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा. साडेसहाला यादी काढून बसा. अर्धी यादी तोवर शिळी झालेली असते, उरलेल्यावर पान लिहा. पहिल्या आठवड्यात विचार पुढे ढकलणं जमत नाही, दिवसातून वीसदा सांगावं लागतं. तिथेच सोडून देऊ नका.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त बिघडतं ते सगळं मनातल्या मनात केल्याने. डोक्यात तपासणी करताना वाक्य सारखं बदलतं आणि तपासणीचं चक्र होतं. वहीतही तसंच होऊ शकतं: एकाच प्रसंगावर तिसरं-चौथं पान लिहिलं जातंय आणि कृतीची चौकट रिकामीच आहे, तर ते रवंथ आहे. एका प्रसंगाला एक पान, वीस मिनिटं, मग वही बंद. दिवसाला एका प्रसंगापेक्षा जास्त घेऊ नका.

दुसरा घोटाळा जास्त गंभीर आहे. ‘माझे विचारच चुकीचे आहेत’ असं म्हणत माणूस पद्धतीनेच स्वतःला कोसू लागतो. तो हट्टाचाच नवा अवतार आहे: ‘मी विवेकानेच वागलं पाहिजे.’ त्यावर वेगळं पान लिहा.

आणि जिथे प्रसंगच अन्यायाचा आहे, तिथे विचार बदलण्याचा आग्रह धरू नये. घरात मारहाण होत असेल, कामावर छळ होत असेल, पगार थकला असेल, सावकार दारात असेल, तर पहिलं काम सुरक्षिततेचं, तक्रारीचं, कायद्याच्या मदतीचं. वही फार तर त्यासाठी लागणारं बळ गोळा करायला वापरावी. अशा माणसाला ‘दृष्टिकोन बदला’ सांगणं क्रूरपणाचं आहे.

काही त्रासांत ही वही एकट्याने वापरूच नये. मंत्रचळासारख्या (ओसीडी, म्हणजे नको असलेले तेच तेच विचार आणि कृती) आजारात प्रत्येक विचाराची तपासणी हाच आजाराचा विधी बनतो आणि त्रास वाढतो. पूर्वी झालेल्या अत्याचाराच्या किंवा अपघाताच्या आठवणी उसळत असतील, तर कल्पनेचा सराव उपचारतज्ज्ञाशिवाय नको. छातीत दुखणं, धडधड, वजन उतरणं असेल, तर आधी डॉक्टरकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या.

दोन आठवडे जवळपास रोज मन उदास आहे, कशात रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका: सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पहिल्या भेटीला वही सोबत न्या. डावी पानं नीट भरलेली असतील, तर झोप कधी जाते, धडधड कशाने होते, काय टाळलं जातंय, हे तज्ज्ञांना पहिल्याच अर्ध्या तासात कळतं आणि उपचार लवकर सुरू होतात.